धरायला गेलं की पळतं: महापेच्या शेडमधे बनलेला अवकाश-कचरा पकडायचा हात

हे प्रकरण आमच्याच टीमचं आहे. माणसांची, कंपनीची, क्लायंटची नावं मुद्दाम टाकलेली नाहीत, पण जे घडलं ते तसंच लिहितेय. आकडे शेडमधल्या टेस्टच्या वहीतले आहेत. सॅटेलाइट किंवा रोबोटिक्समधे नवीन येणाऱ्या मुलामुलींना उपयोग व्हावा म्हणून सगळं सविस्तर लिहिलंय, त्यामुळे लांबलंय.

पार्श्वभूमी

महापे एमआयडीसीत आमची एक शेड आहे, वर पत्रा, खाली फॅब्रिकेशनवाले. आम्ही सहा जण. मूळ धंदा ऑटोमेशनचा, म्हणजे औषध कंपन्यांच्या पॅकिंग लाइनवर बाटल्या, डबे उचलून ठेवणारे ग्रिपर बनवायचे. त्यात आमचा हात चांगला बसलेला. त्याच जोरावर एका अवकाश क्षेत्रातल्या कंपनीने आम्हाला विचारलं की कक्षेत मरून पडलेला सॅटेलाइट किंवा रॉकेटचा वरचा टप्पा पकडणारा हात बनवाल का, उडणारा नाही, फक्त जमिनीवर चालून दाखवणारा इंजिनिअरिंग मॉडेल, मुदत सात महिने. सरांनी त्याच मीटिंगमधे हो म्हटलं आणि खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांनाच ते हवं होतं.

ज्यांना हा विषय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पृथ्वीभोवती खालच्या कक्षेत वस्तू सेकंदाला साधारण साडेसात किलोमीटर वेगाने फिरतात. १० फेब्रुवारी २००९ ला सायबेरियाच्या वर जवळपास ७९० किलोमीटर उंचीवर चालू असलेला इरिडियम ३३ सॅटेलाइट आणि बंद पडलेला रशियाचा कॉसमॉस २२५१ एकमेकांवर आदळले, मोजता येतील असे दोन हजारांच्या आसपास तुकडे झाले. आपलंही खातं कोरं नाही, २००१ मधे पीएसएलव्ही-सी३ चा वरचा टप्पा काम संपल्यावर कक्षेतच फुटला आणि तीनशेहून जास्त तुकडे झाले, त्यानंतर इस्रोने उरलेलं इंधन आणि दाब सोडून देऊन टप्पा निष्क्रिय करायची पद्धत सुरू केली. मोठी वस्तू फुटायच्या किंवा आदळायच्या आधी खाली आणली तर हजारो तुकडे वाचतात, म्हणून पकडणाऱ्या यानाची गरज. बारीक तुकडे गोळा करायचा हा विषय नाही, कचरा होऊ शकणारी मोठी वस्तू उचलायचा विषय आहे. इस्रोनेही २०३० पर्यंत आपल्या मोहिमा कचरामुक्त करायचं जाहीर केलंय.

पकडायचं कुठे? जवळजवळ प्रत्येक मोठ्या सॅटेलाइटच्या बुडाला एक धातूची कडी असते, जिच्यावर तो रॉकेटला क्लॅम्पने आवळलेला असतो. सॅटेलाइटचा सगळ्यात दणकट भाग तोच, बाकी सोलर पॅनल, अँटेना, ऊन-थंडीपासून वाचवणाऱ्या सोनेरी चादरी, हे सगळं धरलं तर तुटतं. पीएसएलव्हीवर ९३७ मिलिमीटरची कडी बरीच वापरलेली आहे. क्लायंटची अट होती की या कडीचा एक भाग तीन बोटांनी धरायचा, तीस सेकंदांच्या आत, आणि पक्का.

अडचण

पहिले चार महिने आम्ही खूप खूश होतो. डमी म्हणून कडीचा एक तुकडा ॲल्युमिनियमच्या खोक्याला लावला, खोकं सरळ रेषेत सरकणाऱ्या लिनियर रेलवर बसवलं, मोटरने हळूहळू हाताकडे आणायचं, बोटं मिटायची, धरलं. चाळीसच्या चाळीस वेळा धरलं. क्लायंटला व्हिडिओ पाठवला, त्यांनी वाहवा केली.

पाचव्या महिन्यात तरंगता डमी तयार झाला. हा खरा परीक्षेचा सेटअप. जमिनीवर एकदम सपाट इपॉक्सी ओतलेली, डमीखाली तीन चपट्या एअर बेअरिंग, त्यातून हवा सुटते आणि ४५ किलोचं धूड काही मायक्रॉनच्या हवेच्या थरावर तरंगतं, बोटाने ढकललं तरी सरकत जातं. घर्षण जवळपास शून्य, म्हणजे निदान दोन दिशांना आणि एका फिरण्यात तरी अवकाशासारखं.

पहिलाच प्रयत्न. हात पुढे गेला, डावं बोट इतर दोन बोटांच्या जरासं आधी टेकलं, टक् असा आवाज आला, आणि डमी गोल फिरत समोरच्या भिंतीकडे निघून गेला. बोटं मिटली तेव्हा मधे काहीच नव्हतं. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच, त्या दिवशी अकरा प्रयत्न केले आणि त्यातला एक धरला गेला, तोही डमी भिंतीला आपटून परत हातात आला म्हणून.

त्या रात्री कुणी फारसं बोललं नाही. मी आणि मेकॅनिझम बघणाऱ्या दादाने घणसोलीहून ठाण्याची लोकल धरली, तो कळव्याला राहतो, मी नौपाड्यात. रबाळे गेलं, ऐरोली गेलं, आणि मग तो म्हणाला की आपण सात वर्षं पट्ट्यावरच्या बाटल्या धरतोय, पट्ट्यावरची बाटली पळून जात नाही ग. या वाक्यापाशी आमचं सगळं निदान सुरू झालं असं मी मानते.

रेलवरचा डमी मोटरला जोडलेला होता. म्हणजे बोटाने कितीही धक्का दिला तरी तो मागे जाणार नाही, जणू त्याचं वजन अनंत आहे. आम्ही चाळीस वेळा भिंत धरली होती. आणि हे कळायला तरंगता डमी यावा लागला, कारण एअर बेअरिंगचा खर्च पुढे ढकलायचा निर्णय सुरुवातीलाच झाला होता. आधी बोटं नीट करू, मग तरंगवू, हे तेव्हा शहाणपणाचं वाटलं होतं. सरांचा एकट्याचा निर्णय नव्हता तो, मीही त्या शेड्यूलवर सही केली होती.

मग आकडे काढले. फोर्स सेन्सरवरून पहिल्या टक्करीचा धक्का साधारण दीड न्यूटन-सेकंद निघाला. या दीडला ४५ किलोने भागलं की सेकंदाला तीन सेंटिमीटरहून जरा जास्त वेग. बोटांच्या आत कडीला मोकळी जागा सहा सेंटिमीटर, म्हणजे पावणेदोन-दोन सेकंदात कडी बाहेर. बोटं मिटायला लागायचे चार सेकंद. गणितातच हरलेलो होतो. शिवाय धक्का मध्यावर बसत नसल्याने वस्तू नुसती मागे जात नाही, फिरायलाही लागते, आणि फिरायला लागलेली वस्तू परत धरणं आणखी अवघड.

दुसरं कारण जास्त लपलेलं होतं. आम्ही मोटरला १०० ला १ चा गिअर लावला होता, जोर मिळावा म्हणून. पण गिअरच्या मागचा रोटर, म्हणजे मोटरच्या आत फिरणारा भाग, बोटाच्या टोकाला जाणवतो तो गुणोत्तराच्या वर्गाने, म्हणजे दहा हजार पट जड. आमचं बोट दिसायला नाजूक, लागायला हातोडा.

आमच्या इंटर्नने मग जुनी प्रकरणं शोधून काढली, ती मला इथे सांगायलाच हवीत. एप्रिल १९८४ मधे चॅलेंजर शटलचा अंतराळवीर सोलर मॅक्स या बिघडलेल्या सॅटेलाइटला पकडायला गेला, पकडायचं उपकरण तीन वेळा टेकवलं, तिन्ही वेळा लॅच झालंच नाही, म्हणजे अडकून बसलंच नाही. नंतर कळलं की धरायच्या पिनेजवळ चादर बसवायचं एक छोटं बटण आडवं येत होतं, ज्याचा हिशोब डिझाइनमधे कुणी धरलाच नव्हता. मग त्याने हाताने सोलर पॅनल धरून बघितलं तर सॅटेलाइट आणखी वेडावाकडा फिरायला लागला. शेवटी जमिनीवरच्या टीमने सॅटेलाइटमधल्याच चुंबकीय कॉइल वापरून तो शांत केला आणि मग शटलच्या रोबोटिक हाताने धरला. पुढे मे १९९२ मधे इंटेलसॅट ६ च्या वेळी पकडायचा दांडा टेकवला की सॅटेलाइट डुलत दूर जायचा, दोन दिवस प्रयत्न फसले, शेवटी तीन अंतराळवीर एकाच वेळी बाहेर गेले आणि चार टनांचा तो सॅटेलाइट हाताने धरला. आमच्या ४५ किलोच्या डमीने जे केलं तेच त्यांच्या सॅटेलाइटने केलं होतं, आणि हे सगळं आम्ही काम घेण्याआधी वाचायला हवं होतं.

समोर काय काय पर्याय होते

डेमोला सात आठवडे उरले होते. शनिवारी सगळे शेडमधे बसलो, वडापाव मागवले, आणि फळ्यावर सगळं परत मांडलं, अगदी हात बनवायचाच का इथपासून.

जाळं. सरे विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या रिमूव्हडेब्री मोहिमेने सप्टेंबर २०१८ मधे कक्षेत जाळं फेकून लक्ष्य गुंडाळून दाखवलंय. जाळ्याचा मोठा फायदा म्हणजे वस्तू कशी फिरतेय, कडी कुठे आहे, याची फार फिकीर नसते. दादाचे मामा दिवाळे गावचे कोळी, त्यांना त्याने सहज फोन लावला तर ते म्हणाले की अरे, पाग टाकला की शिशाची वजनं घेर घेऊन खाली जातात आणि पाणी त्याला धरून ठेवतं, तुझ्या तिथे पाणीच नाही तर जाळं मिटणार कशाने. प्रश्न अगदी बरोबर होता. अवकाशात जाळ्याच्या कडेला वजनं आणि आवळायची यंत्रणा द्यावी लागते, आणि एकदा गुंडाळलं की मागे दोरीला टांगलेली मोठी वस्तू ओढत न्यायची, ती दोरी सैल-ताठ होत राहते, तिचं नियंत्रण हा वेगळाच विषय. आणि जाळं एकदाच फेकता येतं.

हार्पून. त्याच मोहिमेने फेब्रुवारी २०१९ मधे तेही दाखवलं, पण यानानेच लांब धरलेल्या पॅनलवर. खऱ्या जुन्या टप्प्यात भाला घुसवायचा आणि आत दाब उरलेला असेल तर? कचरा कमी करायला जाऊन वाढवायचा धोका. हा पाच मिनिटांत बाद.

चुंबक. ॲस्ट्रोस्केलच्या एल्सा-डीने ऑगस्ट २०२१ मधे चुंबकाने धरून दाखवलं आणि मला ती रचना मनापासून आवडते, पण लक्ष्यावर आधीपासून लोखंडी प्लेट बसवलेली हवी. पुढे उडणाऱ्या सॅटेलाइटसाठी हे फार चांगलं, वीस वर्षांपूर्वी उडालेल्यावर कुणी प्लेट लावायची?

मिठी, म्हणजे चार लांब हातांनी वस्तूला आधी वेढायचं. युरोपच्या क्लिअरस्पेस-१ ची मूळ कल्पना हीच. त्यांचं लक्ष्य असलेल्या वेस्पा नावाच्या जुन्या रॉकेटच्या भागालाच ऑगस्ट २०२३ मधे दुसऱ्या कचऱ्याची धडक बसल्याचं दिसलं आणि पुढे लक्ष्य बदलावं लागलं, तो वेगळा धडा. पण वेढायची कल्पना आमच्या डोक्यात तिथून अडकली. अख्खी वस्तू वेढायला मोठे हात लागतात, ते सात आठवड्यांत शक्य नव्हतं.

उरला आमचा तीन बोटांचा ग्रिपर, आणि त्यात दोन वाटा. एक, लोखंड तेच ठेवायचं आणि फक्त सॉफ्टवेअर मऊ करायचं, म्हणजे बोट टेकल्याचं कळलं की मोटरने माघार घ्यायची. दोन, बोटंच नवीन. कंट्रोल्सवाल्या, म्हणजे मोटरचं सॉफ्टवेअर बघणाऱ्या मुलाला पहिली वाट हवी होती आणि त्याचं कारण पटण्यासारखं होतं, नवीन पार्ट मशिनिंगला दिले की दोन-तीन आठवडे गेले, त्यात काही चुकलं तर डेमोच नाही. सरही तिकडेच झुकत होते.

काय ठरवलं

आम्ही पहिली वाट चार दिवस करून बघितली. मोजलेलाच निर्णय होता, चार दिवसांच्या वर एक तास नाही. सेन्सरला टेकल्याचं कळेपर्यंत आणि मोटर थांबेपर्यंत धक्का देऊन झालेला असायचा, कारण हातोडा आधीच हलत असतो. यशाचं प्रमाण वाढलं, अकरात एकवरून दहात चारवर आलं, पण तिथेच अडकलं. पाचव्या दिवशी दुसरी वाट धरली.

नवीन बोटांची कल्पना मात्र आमच्या कुणाची नाही. रबाळ्याला एक काका आहेत, तीस वर्षं लेथवर, आमचे सगळे पार्ट तिथेच होतात. त्यांना स्केच दाखवायला गेलो, आम्ही ठरवलेलं की तिन्ही बोटं एकाच स्क्रूने एकत्र मिटवू, लेथच्या थ्री-जॉ चकसारखी (तीन जबड्यांनी वस्तू आवळणारी पकड), म्हणजे कुणी आधी टेकणार नाही. काकांनी बघितलं आणि म्हणाले, बाळा, चक सगळे जबडे एकदम आणतो खरा, पण जॉब, म्हणजे धरलेली वस्तू, मधोमध नसला तर जबडा जॉबला ढकलतो, आमचा जॉब जड असतो म्हणून चालतं, तुझा तर हवेत आहे.

आम्ही दोघं तिथेच स्टुलावर बसलो आणि स्केच परत काढलं. बोटांना एकत्र आणायचं नाही, बोटांमधे जोर वाटून द्यायचा. बैलगाडीचं जू जसं मधे टेकलेलं असतं, एक बैल थांबला तर दुसरा पुढे येतो आणि ओढ दोघांवर सारखी येते, तसं. एकच मोटर, तिच्यापुढे डुलती दांडी, आणि त्या दांडीवरून तिन्ही बोटांना ओढ. जे बोट आधी टेकेल ते तिथेच हलकं थांबतं, बाकीची येईपर्यंत जोर वाढतच नाही. हे सगळं लोखंडातच घडतं, सॉफ्टवेअरला कळायची वाट बघावी लागत नाही.

दुसरा बदल आकाराचा. बोटांची टोकं आत वळवली, आकड्यासारखी. आता मिटणं दोन टप्प्यांत. पहिल्या टप्प्यात बोटं कडीला न शिवता तिच्याभोवती येतात, सगळीकडून साधारण दीड सेंटिमीटर मोकळं ठेवून, म्हणजे पिंजरा बंद. आता धक्का लागला तरी कडी बाहेर जाऊ शकत नाही, आतल्या आत आपटेल. मगच दुसरा टप्पा, सेकंदाला पाच मिलिमीटरने आवळणं. आधी कोंडायचं, मग शिवायचं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा तांत्रिक निर्णय हाच.

तिसरा बदल गिअरचा. १०० ला १ ऐवजी २० ला १, म्हणजे टोकाला जाणवणारं जडपण पंचवीस पटीने कमी. याची किंमत मोजावी लागली, धरून ठेवायचा जोर घटला, म्हणून मागे ब्रेक टाकला जो आवळून झाल्यावरच लागतो. वजन वाढलं आणि क्लायंटच्या वजनाच्या मर्यादेच्या थोडं वर गेलो. त्यांना त्याच आठवड्यात कळवलं, लपवलं नाही.

आणि चौथी गोष्ट, माघारीचे नियम. पिंजरा बंद झाल्याची तिन्ही बोटांकडून खात्री मिळायच्या आत काहीही शिवलं, किंवा एका जरी बोटाचा सिग्नल आला नाही, तर बोटं उघडायची आणि मागे यायचं. कुणाला विचारायचं नाही. कक्षेत यान जमिनीच्या संपर्कात असेलच असं नाही, त्यामुळे हा निर्णय यानाचाच हवा.

केलेलं काम

पार्ट अठरा दिवसांत आले. काकांनी दिवाळीच्या ऑर्डरी बाजूला ठेवून केले.

त्या काळात आम्ही जमिनीशी भांडत होतो. इपॉक्सीला मीटरमागे एक दशांश मिलिमीटरचा उतार होता. ऐकायला काहीच नाही, पण घर्षण नसलं की त्या उतारावर वस्तू दहा सेकंदांत पाच सेंटिमीटर आपोआप सरकते, आणि आमचा सगळा खेळ सेंटिमीटरमधेच. परत घासून परत ओतली. दुसरं, पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी येत होतं आणि बेअरिंग मधेच चिकटायच्या, तेव्हा वाटायचं डमी शहाण्यासारखा थांबला, प्रत्यक्षात तो जमिनीला चिकटलेला असायचा. चांगले दिसणारे दोन-तीन रिझल्ट आम्ही या कारणाने वहीतून काट मारले. मग नायट्रोजनचे सिलिंडर लावले. आणि ठाणे-बेलापूर रोडवरून कंटेनर गेला की ग्राफमधे दिसायचा, म्हणून महत्त्वाच्या टेस्ट रात्री.

नवीन बोटांनी पहिल्या रात्री वीसात अठरा. न धरलेल्या दोन्ही वेळा माघारीच्या नियमाने मागे आलो, डमी जागच्या जागी. डमी फिरता ठेवला, सेकंदाला दोन अंश, तेव्हा हातालाही तेवढंच फिरवत न्यावं लागलं. प्लॅटफॉर्मवर लोकलबरोबर दोन पावलं धावून मग दांडा धरतात तसं, दांड्याचा आणि तुमचा वेग एक झाला की धक्का बसत नाही. एन्व्हिसॅटसारखा आठ टनांचा मेलेला सॅटेलाइट सेकंदाला दोन-तीन अंशांनी फिरताना मोजला गेलाय, त्यामुळे हा आकडा आम्ही हवेतून घेतला नव्हता.

इंटर्नने हट्टाने कडीजवळ सोनेरी चादरीचा एक सुटा तुकडा लावला, सोलर मॅक्सच्या बटणाची आठवण म्हणून. पहिल्याच प्रयत्नात तो बोटाच्या सांध्यात अडकला. सांधा झाकून घेतला. ही टेस्ट कुठल्याच यादीत नव्हती.

डेमोचा दिवस

क्लायंटकडून चार जण आले. पाच प्रयत्न ठरलेले.

पहिला धरला. दुसऱ्यात पिंजरा बंद झाला, डोळ्यांना स्वच्छ दिसत होतं की कडी आत आहे, पण तिसऱ्या बोटाचा सिग्नल आला नाही. हाताने नियमाप्रमाणे बोटं उघडली आणि मागे आला. क्लायंटचे सीनियर म्हणाले, अहो, धरलं होतं की, तो सिग्नल बायपास करा आणि परत घ्या.

मला बायपास करायचा होता, हे मी इथे लिहून ठेवते. सात महिन्यांचं काम, समोर पैसे देणारी माणसं, आणि आत कडी दिसत होती. मी कंट्रोल्सवाल्याकडे बघितलं. तो म्हणाला, मॅडम, वर कॅमेऱ्यात कडी दिसायला आपण नसणार. आणि मग सरांनाच म्हणाला की स्पेडेक्सच्या, म्हणजे दोन सॅटेलाइट कक्षेत जोडायच्या मोहिमेच्या वेळी १२ जानेवारी २०२५ ला इस्रो तीन मीटरपर्यंत जाऊन मागे आली होती आणि डॉकिंग १६ ला केलं, आपल्याला चहाच्या ब्रेकएवढा वेळ तरी द्या. सरांनी क्लायंटला सांगितलं, आम्ही बायपास करणार नाही, वीस मिनिटं द्या. तिसऱ्या बोटाच्या वायरचं क्रिंप, म्हणजे टोकाला दाबून बसवलेला जोड, ढिलं निघालं, बदललं.

तिसरा आणि चौथा धरला. पाचव्यात क्लायंटने डमी सेकंदाला पाच अंशांनी फिरवायला सांगितला, आमची मर्यादा तीन. हात जवळ गेला, वेग जुळेना, न शिवता मागे आला.

निकाल

क्लायंटच्या रिपोर्टमधे आलं, पाचपैकी तीन. आमच्या वहीत होतं, पाचपैकी तीन धरले, दोन वेळा सुरक्षित माघार, एकदाही लक्ष्याला धक्का नाही. दोन्ही खरं आहे आणि या दोन वाक्यांमधल्या फरकावर आम्ही महिनाभर मेल लिहित होतो, कारण करारात पकडणं म्हणजे काय याची व्याख्या होती पण माघारीची नव्हती. पैशाचा शेवटचा हप्ता अडीच महिने उशिरा आला, त्या काळात दोन पगार थकले. पुढच्या टप्प्यात आम्हाला फक्त बोटांचं युनिट मिळालं, मोठा हात दुसरीकडे गेला. वाईट वाटलं, पण आठ-दहा मीटर लांबीचा हात करायची आमची तयारी नव्हती हेही खरं.

परत केलं तर काय वेगळं

तरंगता डमी पहिल्या महिन्यात. बोटं लाकडाची असती तरी चाललं असतं, पण डमी तरंगता हवा होता. खर्च वाचवायचा तर बोटांच्या फिनिशिंगमधे वाचवायचा, लक्ष्याच्या खरेपणात वाचवायचा नाही. पट्ट्यावरच्या कामाची सवय किती खोल असते हे मला इथे कळलं. आम्हाला येत होतं म्हणूनच आम्ही चुकीचा प्रश्न विचारला, बोट किती जोरात धरेल, आणि लक्ष्य किती सहज जाईल हे कुणी विचारलंच नाही.

माघारीची व्याख्या करारात, सही करायच्या आधी. कुठल्या स्थितीत मागे यायचं, आणि ती नापास धरायची की नाही. डेमोच्या दिवशी समोरच्याच्या दबावाखाली हे ठरवायची वेळ कुणावर येऊ नये, आमच्यावर आली आणि कंट्रोल्सवाल्या सत्तावीस वर्षांच्या मुलामुळे निभावली.

वाचन आधी. १९८४ आणि १९९२ च्या गोष्टी पहिल्या आठवड्यात वाचल्या असत्या तर चार महिने वाचले असते असं म्हणणार नाही, पण रेलवरच्या चाळीस यशांकडे संशयाने नक्की बघितलं असतं. काकांकडेही स्केच पक्कं झाल्यावर गेलो, खरं तर कच्चं असतानाच जायला हवं होतं.

एक गोष्ट आमच्या हातात नव्हती पण टीममधल्या कुणीतरी विचारायला हवी होती, की लक्ष्य कुणाचं? १९६७ च्या आंतरराष्ट्रीय अवकाश करारानुसार वस्तू मेली तरी ज्या देशाने नोंदवली त्याच्याच अखत्यारीत राहते, विचारल्याशिवाय हात लावता येत नाही. म्हणून आपण आपल्याच टप्प्यांच्या कड्या, त्यांचे ड्रॉइंग, त्यावरच्या चादरी, यावरून डिझाइन सुरू करायला हवं. पोएम-४ वर, म्हणजे काम संपलेल्या पीएसएलव्हीच्या वरच्या टप्प्यावर, इस्रोने कचरा पकडायच्या रोबोटिक हाताची चाचणी घेतलीय, म्हणजे दिशा तीच आहे.

सपाट जमिनीवर वस्तू एकाच अक्षाभोवती फिरते. खरा मेलेला टप्पा दोन-तीन अक्षांत लडखडत फिरतो आणि ते आमच्या टेबलावर दाखवता येत नाही. त्यासाठी आता शेडच्या पत्र्याखालच्या गर्डरला दोरांनी लटकवलेला दुसरा डमी बांधतोय, आतल्या बॉल जॉइंटवर तो तिन्ही बाजूंनी डुलतो, गुरुत्वमध्य अजून त्या जॉइंटच्या चार मिलिमीटर खाली आहे म्हणून डमी आपोआप सरळ होतो. गुरुत्वमध्य वर आणण्यासाठी काकांकडून पितळी वजनं करून घेतलीयत, येत्या शनिवारी लावणार आहोत.